ताटातलं पाणी

आमच्या घरात जेवून उठण्याआधी ताट धुऊन ते पाणी प्यायची रीत होती. शेवटचा घास झाला की तांब्यातलं थोडं पाणी ताटात ओतायचं, चिकटलेलं शीत, चटणीचा कण, आमटीचा ओघळ सगळं बोटांनी त्यात मिसळायचं, आणि ताट दोन्ही हातांनी उचलून पिऊन टाकायचं. अप्पा हे डोळे मिटून करायचे. त्यांच्या लेखी अन्न म्हणजे प्रसाद, आणि प्रसादाचा कणसुद्धा मोरीत जाता कामा नये. अव्वा, म्हणजे आमची आई, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि घाईघाईत प्यायची, कारण तिला पुढची कामं दिसत असायची. मी आणि माझा थोरला भाऊ लहानपणी तोंडं वेडीवाकडी करून प्यायचो आणि अप्पांनी एक डोळा उघडला की सरळ व्हायचो. जुन्या वळणाच्या पुष्कळ लिंगायत घरांत हे चालायचं, त्यामुळं त्यात काही विशेष आहे असं मला माझी मैत्रीण विमल घरी जेवायला येईपर्यंत वाटलंच नव्हतं. ती बघत राहिली आणि मग म्हणाली, तुमच्या अव्वाला भांडी घासायला लई सोपं की. अव्वा इतकी हसली की तिला ठसका लागला. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचंय ते या पाण्याशिवाय कळणार नाही.

आमचं घर सोलापूरच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद बोळात होतं. पुढं अप्पांचं डाळी-धान्याचं दुकान, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये जिला आम्ही मोठ्या ऐटीत माजघर म्हणायचो ती अंधारी जागा. वर पत्रे. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्यांखाली बसणं म्हणजे काय, हे ज्यानं सोलापूरचा मे काढलाय त्यालाच ठाऊक. मागच्या बोळात तेलुगू विणकरांचे माग होते. त्यांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती वीज जाईपर्यंत, आणि वीज गेली की एकदम सगळं थांबायचं. तेव्हा कुठं आम्हाला कळायचं की आपण सगळे किती मोठ्यानं बोलतोय. अव्वा आणि अप्पा एकमेकांशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि आम्हाला कळू नये असं काही असलं की पुन्हा कानडीत, जणू आम्हाला कानडी येतच नव्हतं. अव्वा मैंदर्गीची. तिचं माहेर तिच्या जिभेवर आणि तिच्या डब्यांत होतं. ज्वारीच्या कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणीची बरणी, पुंडीची भाजी, जिला बाकीचा महाराष्ट्र अंबाडी म्हणतो. शेंगाचटणी ती उखळातच कुटायची, तेल सुटेपर्यंत, आणि तिचे ते घाव ऐकून गिऱ्हाइकं दुकानात डाळ घेता घेता विचारायची, आज चटणी का वैनी. सणाला गव्हाची हुग्गी व्हायची, गूळ आणि खसखस घातलेली, आणि ती वाढताना अव्वाचा हात कधी आखडला नाही.

खाणं असं होतं, पण पाणी घाण होतं. दुसरा शब्द नाही. बोळाच्या तोंडाशी एक नळ, तोच सगळ्यांचा. त्याचा पाइप गटारातून गेलेला होता आणि कुठंतरी कुजलेला होता, त्यामुळं पाणी यायचं तेव्हा आधी गटारच यायचं. पिवळट, फेसाळ, आणि वासाचं. बायका नळाच्या तोंडाला फडकं बांधायच्या आणि घागरी भरून झाल्या की ते सोडून झटकायच्या. त्या फडक्यात काय काय असायचं हे मी लिहू शकते, मला सगळं आठवतं, पण वाचणाऱ्याला अजून जेवायचं असेल. एवढंच सांगते की काही गोष्टी हलायच्या. अव्वा पाण्यात तुरटी फिरवायची, उकळायची, पुन्हा गाळायची, आणि तरी दरवर्षी बोळात कुणाचे ना कुणाचे डोळे पिवळे व्हायचेच. तक्रारी करून करून अप्पांची पिढी गप्प झाली होती. पुढारी म्हटलं की ते हात झटकायचे, माशी हाकलल्यासारखे. मतदान करायचं, कारण करायचं असतं, आणि मग विसरून जायचं.

आम्ही मात्र गप्प बसायच्या वयाचे नव्हतो. माझा भाऊ मल्लिकार्जुन, घरात मल्लू आणि मला अण्णा, तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. उंच, सडसडीत, आवाज असा की त्यानं दुकानातून हाक मारली तर मागावरचा माणूस ओ द्यायचा. विमल आणि मी कॉलेजात नुकत्याच गेलो होतो. विमल पलीकडच्या बुद्धविहाराजवळच्या चाळीत राहायची, तिची आई एका दवाखान्यात आया होती, आणि विमलला मास्तरीण व्हायचं होतं. नळ मात्र तिचा आणि आमचा एकच, त्यामुळं आमची मैत्री घागरींच्या रांगेतली. भांडणात तिच्यासमोर कुणी टिकायचं नाही. रांग मोडणाऱ्या एका दांडग्या माणसाला तिनं नुसतं बोलून बोलून इतकं गुंडाळलं होतं की शेवटी त्यानंच तिची घागर भरून दिली.

अशात तो वकील आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची नातवंडं शहरात आहेत हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याचं नाव आणखी एकदा छापून यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. तिशीतला, बारीक, सायकलवरून फिरणारा, चप्पल शिवून शिवून वापरणारा. गरिबांची भांडणं कोर्टात फुकट लढतो अशी त्याची ख्याती. त्यानं महापालिकेच्या निवडणुकीला तरुण माणसांची एक आघाडी उभी केली आणि वस्त्यावस्त्यांतून फिरायला लागला. भाषण करायचा नाही, बसून बोलायचा. आमच्या बोळात आला तेव्हा नळाचं फडकं स्वतः सोडून त्यानं आत काय आहे ते पाहिलं आणि त्याचा चेहरा खरोखर बदलला. महापौर झालो तर पहिलं काम हा पाइप, असं तो म्हणाला. त्याच दिवशी अण्णा त्याचा झाला. आम्हीही झालोच.

अण्णानं त्याला घरी जेवायला आणलं. आदल्या दिवशी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं घरात होतं तेच वाढलं, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि पुंडीची भाजी. अव्वानं तिचं माहेरचं काशाचं ताट त्याला दिलं, जे एरवी भावकीतल्या जावयांना आणि आमचे गुरू जंगमस्वामी घरी आले तर त्यांना द्यायची. त्यानं भाकरी मुठीनं फोडून दह्यात भिजवली आणि भराभर जेवला, उपाशी माणूस जेवतो तसा. जेवण झाल्यावर अप्पांनी नेहमीप्रमाणं ताट धुतलं, डोळे मिटले आणि प्याले. वकील बघत होता. हे काय, असं त्यानं विचारलं. अप्पांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग त्यानं तांब्या घेतला, ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट निपटून काढलं आणि दोन्ही हातांनी उचलून शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि मला कानडीत म्हणाली, हा आपला आहे.

गंमत म्हणजे त्या पाण्यानं तो आजारी पडला. अव्वानं उकळून गाळलेलं पाणी, तरी त्याच्या पोटाला ते मानवलं नाही, आमची पोटं वर्षानुवर्षं सराव करून बसलेली. तो बरेच दिवस अंथरुणाला खिळला. विरोधक हसले. पण वस्तीत त्याचा अर्थ वेगळाच लागला. मतं मागायला येऊन आमचं पाणी पिऊन आमच्यासारखाच आजारी पडलेला पुढारी कुणी पाहिला नव्हता. विमलनं तर ते उचललंच. हातगाड्यावर उभी राहून ती सभांतून सांगायची, "आमच्या ताटात सगळेच जेवून जातात की. आमच्या दुखण्यात कोण आला? ह्यो आला." एवढ्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. अण्णानं परीक्षा सोडली. पुढच्या वर्षी देईन म्हणाला, आधी पाइप. अप्पांनी एरवी त्याला घराबाहेर काढलं असतं, पण त्यांनीही नुसतं बरं म्हटलं, आणि मी पाहिलं की ते दुकानात बसून वकिलाच्या सभेची वेळ गिऱ्हाइकांना आपणहून सांगत होते. हात झटकणारा माणूस सभेची वेळ सांगायला लागला, याहून मोठी गोष्ट त्या दिवसांत घडली नाही. भिंती रंगवायला आम्ही धुण्याची नीळ वापरली. माझी बोटं कितीतरी दिवस निळी होती आणि मला ती धुवावीशी वाटत नव्हती.

आघाडी निवडून आली आणि वकील महापौर झाला. त्यानं पदभार घेतला त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर गर्दीत उभे होतो. आतलं काही दिसत नव्हतं. मग कुणीतरी खिडकीतून रुमाल हलवला आणि हलगी सुरू झाली. सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं आणि कुणाला भूक नव्हती. अनोळखी पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. विमलनं माझ्या डोक्यात गुलाल ओतला आणि म्हणाली, "आता घागर घेऊन भांडायला जायचं न्हाय बघ. मला बोलायला विषयच उरणार न्हाय." घरी आलो तर अव्वानं हुग्गी केली होती आणि अप्पा दुकान बंद करून बसले होते, जे त्यांनी आजोबा वारले त्यानंतर पहिल्यांदा केलं होतं. तो दिवस खरा होता. त्यातलं काही कुणी आमच्यावर लादलेलं नव्हतं. आज टीव्हीवर कुठल्याही नव्या माणसाचा शपथविधी दाखवतात आणि समोर पोरं नाचत असतात, तेव्हा माझा जीव त्या पोरांसाठी तुटतो आणि स्टेजवरच्या माणसाची मला शिसारी येते, आणि दोन्ही एकदमच होतं.

पाइपाचं काम लगेच निघणार नाही हे आम्हाला कळत होतं. मंजुऱ्या असतात, कंत्राटं असतात, अण्णा सगळं समजावून सांगायचा. तो आता रोज महापौरांकडे असायचा. वकील म्हणायचं त्यानं कधी सोडलं ते आमच्या लक्षात आलं नाही, आधी महापौरसाहेब आणि मग नुसतं साहेब. एके दिवशी तो उड्या मारत घरी आला. साहेब आपल्याकडे जेवायला येणार, ज्या घरात प्रचारात जेवले त्याच घरात, आणि पेपरवाले फोटो काढणार. अव्वाला इतका आनंद झाला की तिनं दोन दिवस आधीपासून शेंगा भाजायला घेतल्या. त्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं आली, आम्हाला वाटलं पाइपासाठी आली. त्यांनी बोळातल्या गटारावर पांढरी पावडर मारली, दोन्ही बाजूंनी, रांगोळी काढावी तशी सरळ रेघेत, आणि निघून गेली. गटार तसंच वाहत होतं, फक्त पांढरं झालं होतं.

साहेब गाडीतून आले. बोळात गाडी शिरेना म्हणून तोंडाशी उतरून चालत आले आणि त्यांच्या पुढं-मागं इतकी माणसं होती की आमचं घर त्यांना सापडण्याआधी त्या माणसांनी भरून गेलं. सायकलवरचा बारीक माणूस काही महिन्यांत एवढा कसा सुजू शकतो हे मला अजून कळलेलं नाही. चेहरा तोच होता पण त्यावर काहीतरी चोपडल्यासारखं दिसत होतं. अव्वा दारात जाऊन बर्री, बर्री, म्हणजे या, या, म्हणत हात जोडून उभी राहिली. ते हसले, पण फोटोवाल्याकडे बघून. आत येऊन पाटावर बसले. त्यांच्या मागं त्यांचा स्वीय सहायक म्हणून एक इसम उभा होता, आणि त्याच्या हातात लाल रंगाचा मोठा थर्मास होता. आमच्याकडे कुणी थर्मास हातात धरून जेवायला आलेलं नव्हतं, त्यामुळं त्यात चहा असेल असं मला वाटलं.

काशाचं ताट, त्यात हुग्गी, त्यावर तुपाची धार, भरलेली वांगी, भाकरी, चटणी, दही. फोटो निघेपर्यंत त्यांनी हातात घास धरून ठेवला. फोटो झाल्यावर तो घास ताटात परत ठेवला. मग दोन बोटांनी हुग्गी चाखली, भाकरीचा तुकडा मोडला, डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय असं अण्णाला सांगितलं, आणि बाजूला बसलेल्या माणसाशी कुठल्यातरी समितीवर कुणाला घ्यायचं हे बोलत बसले. अप्पा समोरच्या पाटावर बसून शांतपणे जेवत होते. साहेबांनी हात पुढं केला. सहायकानं थर्मासच्या झाकणात पाणी ओतून दिलं आणि साहेब ते प्याले. तेव्हा मला कळलं थर्मासमध्ये काय होतं. आमच्या तांब्यातलं पाणी तसंच होतं. मग त्यांनी तो तांब्या उचलला, उजवा हात ताटावर धरला आणि आमचं पाणी त्या हातावर ओतून ताटातच हात धुतला. हुग्गीवर, तुपावर, जेमतेम मोडलेल्या भाकरीवर. वांग्याचं तेल वर तरंगायला लागलं. मग एक चूळ भरली आणि तीही ताटात टाकली. आमच्या पाण्यानं चूळ भरायला त्यांना चालत होतं, गिळायला चालत नव्हतं.

माग चालू होते, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. अप्पांचा घास हातातच राहिला होता. बाकीच्यांना त्यात काही वावगं दिसलं नसावं, बाहेर लोक ताटात हात धुतातच. पण ह्या माणसाला आमची रीत ठाऊक होती. ह्याच पाटावर बसून ह्याच ताटातून तो प्याला होता. अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती रागावली नव्हती, हे मला शपथेवर सांगता येईल. तिचा त्याच्यावर तोवर विश्वास होता, तिला वाटलं गडबडीत विसरला. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि लेकराला सांगावं तशी म्हणाली, "ताट प्यायचं राहिलं की साहेब. मागल्या खेपेला पिला होता तुमी."

 पेपरवाला अजून तिथंच होता आणि त्याचा कॅमेरा त्याच्या छातीवर होता. साहेबांनी ताटाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इतक्या जवळून पाहिलं की मला त्याबद्दल शंका नाही. त्यांना किळस आली. स्वतःच्या हाताची आणि चुळीची नव्हे, आमच्या पाण्याची. आणि मग त्यांनी मान वळवून अण्णाकडे पाहिलं. 

अण्णा पुढं झाला. त्यानं ते ताट दोन्ही हातांनी उचललं. कुणाला काही कळायच्या आत म्हणाला, "साहेबांचा प्रसाद आहे, मी घेतो." आणि प्याला. ते तेल, ती हुग्गी, ती चूळ, सगळं. त्याचा गळा वरखाली होताना मला दिसत होता. हनुवटीवरून हुग्गीचा ओघळ आला तो त्यानं मनगटानं पुसला आणि ताट खाली ठेवून हसला.  मग साहेब मोठ्यानं हसले, अण्णाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "असा कार्यकर्ता पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या माजघरात, अप्पांच्या अर्ध्या जेवणावर टाळ्या वाजल्या.

माणसं निघून गेल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "प्रसाद कुणाचा घ्यायचा तेवढं तरी कळायचं व्हतं मल्लू." अण्णानं ऐकलं नाही, तो गाडीपर्यंत पोचवायला गेला होता. अव्वानं ते ताट राखेनं घासलं, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गवळ्याला म्हशीची आंबोण कालवायला देऊन टाकलं. माहेरून आणलेली ती तिची एकच वस्तू होती. गवळी तिला वेड लागलं का असं मला विचारत होता. त्या रात्रीच्या जेवणाला तिनं अण्णाला नेहमीसारखं वाढलं, ऊटा, म्हणजे जेवण, झालं का म्हणून नेहमीसारखं विचारलं, फक्त त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुढं कधी बघताना मी तिला पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात विमलला कावीळ झाली. तिचे पहिल्या वर्षाचे पेपर द्यायचे राहून गेले आणि ती चाळीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या उशाशी पेढ्यांचा पुडा होता. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले, आणि उशाशी तूपकट कागदात पेढे. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तुझा अण्णा आला होता. समितीवर घेतलं त्याला. तोंड गोड कर म्हणाला." मी विचारलं, पाइपाचं काही बोलला का. "चालूच हाय म्हणाला." मग ती म्हणाली, "मी लोकांना काय काय सांगत होते ग." आणि भिंतीकडे वळली. मी तो पुडा घेऊन बाहेर आले आणि गटारात टाकला. अन्न टाकण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. विमल बरी झाली, पण कॉलेजात परत आली नाही. पुढं तिचं लग्न माढ्याकडे झालं. मास्तरीण मी झाले, जिला व्हायचंच नव्हतं.

पाइप आला, पुढच्या महापौराच्या नाहीतर त्याच्याही पुढच्या काळात. बोळाच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि थांबला, कारण तोवर कोपऱ्यावर अण्णाचं दुमजली घर उभं राहिलं होतं आणि नवं पाणी त्या घरात गेलं. बोळातला नळ पुढंही कितीतरी वर्षं गटारच ओतत होता. अण्णा नगरसेवक झाला, मग पुष्कळ काही झाला, त्याचा वाढदिवस असला की चौकात त्याचा फ्लेक्स लागायचा आणि त्यात त्याच्या भोवती त्याच्यासारखेच हसणारे छोटे छोटे चेहरे असायचे. अप्पा गेले, अव्वा गेली. अव्वाच्या दिवसांना आम्ही दोघं शेजारी बसलो होतो तेव्हा मी त्याला विचारलं, तू त्या दिवशी का प्यालास. तो चिडेल असं वाटलं होतं. तो जरा विचार करून म्हणाला, "अव्वानं त्यांना चारचौघांत अडकवलं होतं. ते उठून गेले असते तर पाइप गेलाच असता. कुणीतरी प्यायलाच पाहिजे होतं की." त्याला ते खरंच तसं वाटत होतं. बोळासाठी प्यालो असंच तो मरेपर्यंत समजत राहिला.

आणि त्या वकिलाचं मला असं वाटतं की पहिल्या वेळी तो खोटा नव्हता. फडक्यातलं बघून त्याचा चेहरा बदलला तो खरा होता, ताट प्याला तेही खरं, जुलाब तर खरेच. खोटा असता तर बरं झालं असतं. फसवणूक झाली म्हणून हात झटकून मोकळं होता आलं असतं. पण तोच माणूस, तेच ताट, मधे फक्त एक खुर्ची, आणि त्याला आमच्या पाण्याची किळस यायला लागली. याची मला जी घाण वाटते ती काही केल्या जात नाही.

परवा अण्णाची नात अक्षता माझ्याकडे जेवायला आली होती. कॉलेजात आहे, मला आत्याआजी म्हणते, आणि सध्या तिचे पाय जमिनीवर नाहीत. नवा माणूस आलाय, नुकतीच त्यानं शपथ घेतलीय, तरुण आहे, शिकलेला आहे, आणि हिनं मैत्रिणींबरोबर त्याचा उन्हातान्हात प्रचार केलाय. उन्हानं रापलेलं तिचं नाक आणि चमकणारे डोळे बघून मला माझी निळी बोटं आठवली. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. व्हिडिओत तो माणूस कुणाच्या तरी पत्र्याच्या घरात मांडी घालून भाकरी खात होता आणि घरातली म्हातारी त्याला वाढत होती. बघ, किती साधा आहे, अक्षता म्हणाली. मी विचारलं, पाणी कुठलं प्याला?

तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं व्हिडिओ मागं नेला, पुन्हा पाहिला, पुन्हा मागं नेला. पाणी पिताना तो दिसतच नव्हता. "दाखवलं नाही," ती म्हणाली, आणि मग जरा वेळानं, "त्यांचंच प्याला असेल की."  आम्हीही असेल की म्हणतच तर मोठे झालो.

जेवण झालं. अक्षतानं जारमधलं पाणी ताटात ओतलं, बोटांनी ताट निपटलं आणि उचलून पिऊन टाकलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, पणजी असं करायची असं आजोबा सांगायचे, छान वाटतं ना, काही वाया जात नाही. आजोबा म्हणजे अण्णा. माझ्याही ताटात दोन शितं आणि चटणीचा कण होता. तिनं माझ्या ताटात पाणी ओतलं आणि वाट बघत राहिली. मी ताट ओठांपर्यंत नेलं. त्या दुपारनंतर मी अनेकदा नेलंय, अव्वा जिवंत असताना तिच्या समाधानासाठीही नेलंय. घोट मात्र कधी घेतलेला नाही. अण्णाचा गळा वरखाली होताना दिसतो.

अक्षतानं विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं, आणि ते ताट मोरीत नेऊन ओतलं.